डॉक्टरेटनंतर काय?

‘पीएच.डी. करून मिळणार काय?’ सुरतेत उधना-लिंबायतच्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. खानदेशातून पोटासाठी आलेली ही माणसे. ज्या शहरात हिऱ्याच्या घंटीवर वा मागावर बसलेला मुलगा विशीच्या आत घरी पगार आणतो, तेथे तिशीपर्यंत शिकणारा मुलगा आईबापांना कोडेच वाटतो. त्यांच्या प्रश्नात लोभ नाही, काळजी आहे. म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये.

शिष्यवृत्ती मिळाली तरी ती पाच वर्षांची. पुढे काय? विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी २०१८ च्या नियमांनी पीएच.डी. सक्तीची केली, अंमल लांबला आणि २०२३ मध्ये सक्ती उठली. नियम असे बदलत राहिले. तरुणाचे वय मात्र थांबत नाही. मग तासिकेवर शिकवणे नशिबी येते.

पदवी हा संशोधनाचा आत्मा नव्हे, हे खरेच. १९३३ मध्ये केवळ स्त्री म्हणून कमला भागवतांना बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्यांनी तो झगडून मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. पुढे कमला सोहोनी म्हणून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केले. त्यांच्या भगिनी दुर्गाबाईंची डॉक्टरेट अपुरीच राहिली, तरी लोकसाहित्याचा त्यांचा अभ्यास थांबला नाही. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या.

परंतु दुर्गाबाईंचा दाखला देऊन तरुणाला उपाशी ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्ञानाची ओढ ही त्याची. तिच्या नावाखाली त्याचे श्रम फुकट वापरणे हा अन्याय होय. विद्यार्थी स्वीकारताना पुढील वाट किती अरुंद आहे, हे सांगणे मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे. पदे मंजूर असतील तर ती वेळेवर भरणे शासनाचे. आणि संशोधकानेही प्राध्यापकी हीच एक वाट मानू नये. ज्या गावात रंग, सूत आणि कापड यांवर लाखोंचे पोट आहे, जेथे ‘मंत्रा’सारखी कापड-संशोधन संस्था आहे, तेथे शोधक बुद्धीला कारखान्यातही काम आहे.

वाचकहो, घरातल्या मुलाला ‘मिळणार काय’ हे जरूर विचारा. पण त्याच्याबरोबर ‘तू शोधतोयस काय?’ हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाजाने द्यायचे आहे. दुसऱ्याचे फक्त तोच देऊ शकेल.