टाकाऊ कशास म्हणावें?

सोनाराच्या दुकानांतील केर विकत घेऊन, तो धुऊन त्यांतील सुवर्णकण वेगळे काढणारा झारेकरी आपल्याकडे नवा नाहीं. इतरांस जेथें केवळ धूळ दिसते तेथें त्यास धन दिसतें. अर्वाचीन रसायनशास्त्रानें हीच विद्या अतिशय सूक्ष्म केली आहे. कृत्रिम राळेचे सच्छिद्र मणी घडवून त्यांच्या छिद्रांच्या भिंतींवर विशिष्ट धातूस धरून ठेवणारे अणुसमूह बसवितात आणि कारखान्यांतील द्रव त्यांवरून वाहूं देतात. इतर कणांच्या गर्दींतून हवा तोच धातु मुख्यत्वें मण्यांस चिकटतो. पुढें बहुधा आम्लानें मणी धुतले म्हणजे तो सुटून हातीं येतो व मणी पुन्हां कामास सिद्ध होतात. १८७५ सालीं शोध लागलेला गॅलियम बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याच्या क्षारयुक्त द्रवांत अल्प प्रमाणांत साचतो. तोही अशा राळेनें वेचून घेतात.

येथवर सर्व कौतुकास्पद आहे. परंतु आम्हांस पडलेला प्रश्न निराळा आहे. कोणता धातु वेचावयाचा हें ठरवितो कोण? राळ निर्विकार आहे. ठरविते ती बाजारांतील किंमत. जपानांतील जिन्झू नदींत कामिओका खाणीच्या सांडपाण्याबरोबर कॅडमियम आलें, भातशेतींत मुरलें, आणि तीरावरील लोकांचीं, विशेषतः वयस्क स्त्रियांचीं, हाडें ठिसूळ झालीं. ‘दुखतें, दुखतें’ असेंच त्या रोगाचें नांव पडलें. त्याचें कारण कॅडमियम होय हें तेथील सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें. असें विष वेचण्यांत वेचणाऱ्यास लाभ थोडा. न वेचल्यास हानि मोठी, आणि तीहि दुसऱ्याची.

कोणी म्हणेल कीं, लोभानें कां होईना, पाणी कांहीं अंशीं तरी शुद्ध होतें. मग हेतूची चिकित्सा कशाला? हें म्हणणें अगदींच त्याज्य नाहीं. परंतु मौल्यवान धातु तेवढा काढून उरलेला द्रव नदींत सोडला, तर पाणी शुद्ध केलें असें होत नाहीं. आपलें धन तेवढें परत घेतलें, इतकेंच. शिवाय भाव उतरतांच लोभाची दृष्टि मंदावते. कर्तव्याची दृष्टि भावावर अवलंबून नसते.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, ज्याच्या हातीं वेचण्याची शक्ति आली त्यानें बहुमोल कणाच्या आधीं घातक कण वेचावा. पहिला उद्यांही वेचतां येईल. दुसरा तोंवर कोणाच्या तरी अन्नांत शिरलेला असेल.