फॉर्मवर नसलेला रकाना

चाळीसगावचे एक आजोबा न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे राहायला गेले होते. सगळी हयात गणित शिकवण्यात गेलेली. चाळीसगावाजवळ पाटण्याला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची नोंद त्यात आहे. एडिसनला मामला उलटा होता. नातीच्या गणितापायी आजोबाच कामाला लागले होते.

फेब्रुवारीत शाळेतून पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म आला. नात अकरावीत, प्रीकॅलक्युलस चालू. बारावीला एपी कॅलक्युलस एबी घ्यायचं की बीसी? एपी म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय. त्यातलं एबी म्हणजे कॉलेजच्या साधारण एका सत्राचं कॅलक्युलस, बीसी म्हणजे दोन सत्रांचं. परीक्षा मात्र दोन्हींची मे महिन्यातच. नातीचे वर्गातले दोन मित्रही, त्यांतला एक शेजारचा, आपापले फॉर्म घेऊन आले. तिघांनीही एपी फिजिक्स आधीच धरलेलं. शिवाय नातीचा तबला, शेजारच्या मुलाचं सॉकर, तिसऱ्याचं रोबोटिक्स आणि डिबेट.

"बाबा, तुम्हीच सांगा हिला बीसी घ्यायला," लेक म्हणाली. "इथे सगळ्यांची मुलं बीसीच घेतात."

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत एक उदाहरण लिहिलं: एक छेद एक्स अधिक एच, त्यातून वजा एक छेद एक्स, आणि आलेल्या वजाबाकीला भागिले एच. "सोपं रूप द्या."

नातीने छेद समान केले, कंस घातला, तो जपून सोडवला. उत्तर बरोबर, पण वेळ लागला. शेजारच्याने एका मिनिटात वरखालचा एच उडवला आणि विचारलं, "आजोबा, आता एच शून्याकडे नेला तर?" आजोबांनी मांडीवर थाप मारली. "अरे, तेच तर कॅलक्युलस!" तिसऱ्याने कंसच घातला नाही. उत्तरातलं वजा चिन्ह गळालं. "फोन लगेच सांगतो हे," तो म्हणाला.

कॅलक्युलसमध्ये मुलं अडतात ती पुष्कळदा असल्या कंसांपाशी. कुठल्याही गणिताच्या मास्तरांना विचारा.

"डोकी तिघांचीही चांगली आहेत," आजोबा म्हणाले. "मला एवढंच सांगा, हे करायला रात्री वेळ कुठून आणणार?" त्यांनी तिन्ही फॉर्मच्या समासात पेनाने एक रकाना आखला आणि वर लिहिलं: यासाठी काय सोडणार?

शेजारच्याने 'सॉकर' लिहिलं आणि बीसीवर खूण केली. नात बराच वेळ पेन चावत बसली. तबला सोडवेना. तिने 'काही नाही' लिहिलं आणि एबीवर खूण केली. तिसऱ्यानेही 'काही नाही' लिहिलं, आणि बीसीवर खूण केली.

लेकीचा चेहरा पडला. "अगं, तिला येत नाही असं कुठे आहे?" आजोबा म्हणाले. "पण दिवस काही कुणाचा मोठा होत नाही. नवं घ्यायचं तर जुन्यातलं काहीतरी खाली ठेवावं लागतं. ठेवायचं नसेल, तर कमी घ्यावं. त्यात कसली लाज?"

पुढच्या वर्षी ऑक्टोबरातच तिसऱ्याला वर्ग बदलावासा वाटू लागला, पण बदलायची मुदत उलटून गेली होती. हिवाळ्यानंतर अनंत श्रेणी आल्या. हा भाग एबीत नसतोच. अमुक श्रेणीची बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाते की हाताबाहेर जाते, हे ठरवायच्या कसोट्याच किती! कुठली कसोटी कुठे लावायची, ते ओळखायला रोज थोडा सराव लागतो. तिसरा रात्री एकला रोबोटिक्स आटपून दुसऱ्या कुणाच्या तरी वहीतली गणितं उतरवत होता. शेजारचाही त्याच श्रेणींशी झटला. सॉकरची संध्याकाळ त्याला मोकळी होती, इतकाच फरक.

जुलैत निकाल लागले. गुण 1 ते 5 मध्ये देतात. शेजारच्याला बीसीत 5, नातीला एबीत 4. तिसऱ्याला बीसीत 2. बीसीच्या निकालात एबीच्या भागाचे गुण वेगळे दाखवतात. तिथे त्याला 3 होते.

कॉलेजात गेल्यावर शेजारचा थेट कॅलक्युलस थ्रीला बसला, नात टूला. तिसऱ्याने वनपासून सुरुवात केली.