संकटकाळचे व्याज

मुळगावात श्रीकेळबाईच्या मंडपात बसून व्याजदराचा विचार करावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु देवस्थानची ठेव जोवर बँकेत आहे, तोवर मुंबईच्या रिझर्व्ह बँकेचा निर्णय देवापुढील नंदादीपाच्या तेलापर्यंत पोहोचतोच.

सन २०२० मध्ये महामारीने व्यवहार थांबले, तेव्हा मार्च ते मे या अवधीत त्या बँकेने रेपो दर, म्हणजे इतर बँकांना ती ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आणला. कर्जदारांना हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभाही मिळाली. ऋणको तगला, पण ठेवींवरील व्याज उतरले. व्याजावर जगणाऱ्या वृद्धाचा यात कोणता अपराध?

प्रश्न रास्त आहे. तथापि ठेवीदाराचे व्याज कर्जदाराच्या कष्टांतूनच येते, हे विसरून चालणार नाही. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा आमच्या डिचोली महालात ट्रक दारापुढे उभे राहिले आणि हप्ते थकले. ऋणको बुडू लागला की धनकोही निर्धास्त राहत नाही.

म्हणून शेजारी आग लागली असता आपल्या विहिरीचे पाणी द्यावे, हे धर्मास धरूनच आहे. पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात तोच दर ६.५ टक्क्यांवर नेण्यात आला. पण तो महागाई आवरण्यासाठी, ठेवीदाराची आठवण म्हणून नव्हे. आमचे मागणे एवढेच, की पाणी कोणाच्या विहिरीचे उपसले, हे उघडपणे सांगावे. न सांगता घेतले, त्यास दान म्हणत नाहीत.