सहा गडी आणि रिकामे बाक

अमेरिकन फुटबॉलचं पायाशी नातं बेताचंच. सगळा कारभार हातांचा. पण तिथल्या खेड्यातल्या शाळांपुढे प्रश्न पडला डोक्यांचा! अकरा पोरं आणायची कुठून? ब्रिजला चौथा मिळाला नाही की आपण रमी मांडतो, तसा १९३४ साली नेब्रास्कातल्या स्टीफन एप्लर नावाच्या मास्तरांनी सहाजणांचा फुटबॉल मांडला. मैदानही ८० यार्डांवर आणलं. झालं, भागलं!

पण गडी कमी करायचा नियम काढता येतो. बाकावर येऊन बसायचा कसा काढणार? आपलं पोर मैदानात नाही म्हणून घरी बसणं हा काही गुन्हा नव्हे, कबूल. पण दुसऱ्याच्या हरणाऱ्या पोरासाठी घसा बसवून घेणारी चार माणसं उरली नाहीत, तर त्या वस्तीला गाव तरी का म्हणायचं?