मगनवाडीतील भाकरीचे ईश्वरविज्ञान

ईश्वरविज्ञान म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे शिस्तबद्ध चिंतन, आणि धर्मसेवक घडविणाऱ्या सेमिनरीतील व्याख्यानमाला हे त्याचे नेहमीचे व्यासपीठ. परंतु या चिंतनाचा चालू काळाशी संबंध काय, हा प्रश्न विदर्भात सर्वांत कसून विचारला गेला तो वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे तेलघाणी, हातकागद आणि मधमाशीपालनाचे प्रयोग चालत.

संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे ख्रिस्ती, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेल्या दोन पुस्तकांपैकी एक येशूच्या आचरणावर व शिकवणुकीवर होते, तर दुसरे ‘स्थायी अर्थव्यवस्थे’वर, म्हणजे निसर्गाचे भांडवल न खाता टिकून राहणाऱ्या अर्थव्यवहारावर, आणि दोन्हींना १९४५ मध्ये गांधीजींची प्रस्तावना लाभली. ही पुस्तके वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून वाचणे हा कुमारप्पांवर झालेला मोठा अन्याय होय. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी शिकार मारून जगणाऱ्या वाघापासून मधमाशीच्या सामूहिक श्रमापर्यंत आणि शेवटी पिलांना भरविणाऱ्या पक्षिणीच्या निरपेक्ष सेवेपर्यंत अर्थव्यवहाराच्या पायऱ्या मांडल्या. ही चढण मुळात धर्मविचाराचीच आहे, कारण तिच्या टोकाशी असलेली सेवा हाच त्यांना दिसलेल्या येशूचा मार्ग होता. प्रभूच्या प्रार्थनेत मराठी ख्रिस्ती माणूस ‘भाकर’ मागतो. ती कोणाच्या श्रमातून आणि कोणत्या मातीच्या बळावर आली, हे विचारल्याशिवाय मगनवाडीच्या दृष्टीने ती प्रार्थना पुरी होत नाही. पुढे कुमारप्पा याच जिल्ह्यातील सेलडोहला जाऊन राहिले, तेही शेतीचा हा विचार मातीत उतरविण्यासाठी.

शेजारच्या यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. अशा संस्थांच्या अभ्यासक्रमात ग्रामोद्योगाच्या या भाष्याला मानाचे स्थान मिळायला हवे.

तरीही या विचारात एक उणीव राहिली. गावाचे अर्थकारण सुधारू पाहताना गावाची जातिव्यवस्था तितक्याच धारदारपणे ख्रिस्ती चिंतनाच्या केंद्रात आली नाही. ते काम ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक अरविंद निर्मल यांनी केले. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानात त्यांनी शूद्रांच्या अनुभवावर उभ्या राहणाऱ्या ईश्वरविज्ञानाची मागणी केली आणि त्यातूनच दलित ईश्वरविज्ञान, म्हणजे अस्पृश्यतेच्या वेदनेतून केलेले देवाविषयीचे चिंतन, आकाराला आले. त्यासाठी निर्मल यांनी पुढे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायाचा आधार घेतला. त्या अध्यायात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली आणतो, याजक ती त्याच्या हातून घेऊन वेदीपुढे ठेवतो आणि मग शेतकरी आपल्या भटक्या पूर्वजाचे व दास्याचे स्मरण बोलून दाखवतो. कुमारप्पांची नजर त्या टोपलीवर स्थिरावली असती. निर्मल यांची स्थिरावली ती त्या स्मरणावर.