चकवा आणि वाट

सावंतवाडी तालुक्यात तेरेखोल नदीच्या काठी वसलेल्या आरोंदा गावी येणारा भाविक आज दिवसाउजेडी, डांबरी रस्त्याने येतो. ग्रामदेवता श्री सातेरी भद्रकालीचे दर्शन घेतो आणि नदीपलीकडचा गोव्याचा काठ पाहून सुखावतो. पूर्वीचा प्रवास इतका सुखाचा नव्हता. वाट जायची ती कांदळवनाच्या कडेने, मळ्यांच्या बांधांवरून आणि माडांच्या बागांतून. ओहोटीला दिसणारी पायवाट भरतीला पाण्याखाली जाई. अशा मुलखात कातरवेळी निघालेला एखादा वाटसरू रात्रभर चालत राही आणि पहाटे पाहावे तर ज्या बांधावरून निघाला त्याच बांधावर उभा! घरची माणसे म्हणत, याला चकवा लागला. मालवणी बोलीत तोच ‘चकवो’.

हा शब्द मोठा बहुरूपी आहे. चकणे म्हणजे फसणे, चकवणे म्हणजे फसवणे. कबड्डीच्या मैदानावर चढाई करणारा गडी पकडणाऱ्यांना चकवा देतो. वर्तमानपत्रातला चोर पोलिसांना चकवा देऊन पसार होतो. रांगते मूल आईची नजर चकवून उंबरठ्याबाहेर जाते आणि त्याचे कौतुकच होते. गोकुळातला बाळकृष्ण गौळणींना चकवून लोणी पळवतो, तेव्हा हाच शब्द भक्तीच्या घरात लाडका होऊन बसतो. शिवाय चकवा नावाचा एक पक्षीही आहे. तो मूळचा संस्कृत कवींचा चक्रवाक. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी ही केशरी-तपकिरी बदके नदीकाठी जोडीने दिसतात. रात्र पडली की नर आणि मादी एकमेकांपासून दुरावतात आणि पहाटेपर्यंत परस्परांना साद घालत राहतात, असा कवींचा संकेत आहे. पक्ष्याचे नाव चक्रवाकापासून आले आणि भुताचे चकण्यापासून, म्हणजे दोन्ही शब्दांची कुळे निराळी दिसतात. तरीही दोघांची रात्र मात्र सारखीच आहे. ज्याला भेटायचे तो जवळच आहे आणि भेट होत नाही.

कोकणात भुतांना तोटा नाही. मुंजा हा मुंज झालेला पण लग्नाआधीच मेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली स्त्री. समंध, खवीस, झोटिंग यांनाही आपापला पूर्वजन्म आणि आपापली मागणी असते. या मेळाव्यात चकवा वेगळा उठून दिसतो. त्याला बहुधा चेहरा नसतो, त्याच्या जन्माची हकिकत कोणी सांगत नाही, तो कोंबडा मागत नाही की नारळ. तो माणसाला धरत नाही, मारत नाही. त्याचे काम एकच, माणसाची दिशा काढून घेणे. म्हणूनच जुनी माणसे चकव्यावर उतारा सांगत नसत. थांब, खाली बस, देवाचे नाव घे आणि उजाडेपर्यंत हलू नकोस, एवढेच सांगत.

हा सल्ला किती शहाणपणाचा होता, ते अलीकडच्या एका अभ्यासाने दाखवून दिले आहे. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काही स्वयंसेवकांना सपाट, दाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितले व त्यांच्या वाटेची यंत्राने नोंद ठेवली. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकलेले असताना जंगलात चालणारे गोल फिरले आणि आपण आपलीच वाट ओलांडली, हे त्यांना कळलेसुद्धा नाही. वाळवंटात एक जण रात्री चालत होता. चंद्र दिसत होता तोवर त्याची वाट सरळ होती. चंद्र ढगांआड गेल्यावर तो वळत वळत आल्या दिशेला तोंड करून चालू लागला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्यांची वर्तुळे तर कधी कधी अवघ्या वीस मीटर व्यासाची भरली. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस एका बाजूला वळतो, अशी समजूत होती. तीही टिकली नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. सरळपणाची जाणीव पावलागणिक किंचित ढळते आणि ती सावरायला बाहेरची खूण नसेल तर ढळतच जाते. जंगलात भूत नव्हते. सूर्य दिसत नव्हता, एवढेच.

शास्त्रकारांना हे ठाऊक होते. आद्य शंकराचार्यांच्या नावे परंपरेने चालत आलेल्या ‘आत्मबोध’ या लहानशा प्रकरणग्रंथात ‘मी’ आणि ‘माझे’ या अज्ञानाला दिग्भ्रमाची उपमा दिली आहे. दोरीवर साप भासतो, हा वेदान्ताचा नेहमीचा दृष्टान्त. पण वाट चुकलेल्या कोकणी माणसाला दिग्भ्रमाचा दृष्टान्त अधिक जवळचा वाटावा. दिशा चुकलेल्याला पूर्व पश्चिमेसारखी दिसते, म्हणून पूर्व जागची हलत नाही. तिला परत आणायला कोणताही विधी करावा लागत नाही. उजाडते, आणि सगळे जिथल्या तिथेच होते असे कळते. समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या दहाव्या दशकात भ्रमनिरूपणाला एक सबंध समास दिला आहे.

‘माझे’पणाचा चकवा देवळाच्या आवारातही लागतो. देणगीदाराचे नाव पावतीवर असलेच पाहिजे, हिशेबासाठी ते आवश्यक आहे. परंतु सभामंडपात पाऊल टाकताच नजर गाभाऱ्याकडे जाण्याऐवजी भिंतीवरल्या आपल्या नावाची फरशी शोधू लागली, तर दूरवरून निघालेला माणूस फिरून आपल्याच बांधावर आला म्हणायचे.

याहून घातक चकवा भीतीच्या व्यापाराचा. एखाद्या बाईला झपाटले म्हणून बांधून घालणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, असले प्रकार धर्म नव्हेत. महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायद्याने ते गुन्हेही आहेत. पूजाअर्चा, कीर्तन, प्रवचन, वारी यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही, हे भाविकांनी नीट जाणावे. वृद्धांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. जन्मभर ज्या वाटेने गेले त्याच वाटेवर एखादे आजोबा संध्याकाळी हरवतात, दोन वाड्या पलीकडे बसलेले सापडतात आणि घरचे म्हणतात, चकवा लागला. एकदा सोडून दोनदा असे झाले, बोलताना ओळखीचे शब्द सापडेनासे झाले, तर तो स्मृतिभ्रंशाचा आजार असू शकतो. तेव्हा अंगारा अवश्य लावावा, श्रद्धेला कोणी अडवत नाही. पण डॉक्टरकडे नेण्यास त्यापायी एक दिवसही उशीर करू नये. काही कारणे वेळीच कळली तर औषधाने आटोक्यात येतात. आजोबांच्या खिशात घरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवणे, हेही देवाचेच काम आहे.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला एक दृष्टान्त सांगतात. गंधार देशातल्या एका माणसाचे डोळे बांधून त्याला दूर निर्जन रानात आणून सोडले. तो चारी दिशांना तोंड करून ओरडतो, मला डोळे बांधून येथे सोडले आहे! कोणी दयाळू येतो, पट्टी सोडतो आणि सांगतो, गंधार या दिशेला, असा जा. तो माणूस गावोगाव विचारत घरी पोहोचतो. गुरूचे काम पट्टी सोडून दिशा सांगण्याचे; गावोगाव विचारत चालायचे ते ज्याचे त्यानेच. शिष्याला पाठीवर उचलून नेल्याचे उपनिषद म्हणत नाही.

आरोंद्याहून शिरोड्यामार्गे आरवलीला जाणाऱ्या भाविकांना वेतोबाच्या देवळात हा दृष्टान्त वेगळ्या रूपात भेटतो. वेताळ हा भुतांचा राजा. पण या मुलखाने त्याला राखणदार केले, भयाच्या धन्यालाच रात्रीची गस्त नेमून दिली. तो गावाच्या सीमेवर फिरतो, अडल्यानडल्याला आणि वाट चुकलेल्याला सांभाळतो, अशी श्रद्धा आहे. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडणारे त्याला केळ्यांच्या घडाबरोबर चामड्याच्या नव्या, माणसाच्या मापाहून कितीतरी मोठ्या वहाणा वाहतात. त्या देवळात मांडून ठेवलेल्या असतात. दर्शन घेऊन परतताना त्यांचे तळ अवश्य पाहावेत.