उतारावरची कसोटी

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या अमेरिकी राज्यांच्या सीमेवर १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात ॲपलॅचियन ट्रेल ही पायवाट दाट वनातून, डोंगराच्या धारेने २,०२५ मीटर उंचीच्या कुवोही शिखराजवळून जाते. अशा वाटेवरील ट्रेल रनिंगची, म्हणजे डांबरी सडक सोडून रानवाटेने धावण्याची, खरी कसोटी चढावर नसून उतारावर असते, हे नवशिक्याच्या सहसा ध्यानात येत नाही. चढाने लागलेली धाप घटकाभर थांबले की ओसरते; उतारावर मात्र पावलागणिक शरीराचा भार अडवताना मांडीचे पुढचे स्नायू जोर लावत असतानाच ताणले जातात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या दिवशी साधा जिना उतरणेही जड जाते. ओल्या मुळ्या आणि पानांखाली दडलेले सुटे दगड यांमुळे जाणता धावपटू आखूड पावले टाकतो आणि नजर पायाशी न ठेवता चार पावले पुढे ठेवतो.

या वनात काळ्या अस्वलांचा वावर आहे. धावणारा माणूस वळणावर अचानक उगवतो, त्यामुळे अस्वल दचकण्याचा संभव वाढतो. अशा वेळी, धावण्यासाठीच आलेल्या माणसाने पळ न काढता, त्याच्यावर नजर ठेवून सावकाश मागे सरावे, कारण पळणाऱ्याचा पाठलाग होऊ शकतो. कानात गाणी लावून येथे धावणे हा निव्वळ अविचार होय. नियमानुसार अस्वलापासून किमान ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर, अंतर राखावे लागते आणि त्यासाठी त्याची चाहूल वेळेवर लागणे आवश्यक असते.